‘भूल जास्त झाली होती’

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ रुग्णाच्या खाटेशी येतात आणि ठरलेले प्रश्न विचारतात. दमा आहे का, बीपीची गोळी चालू आहे का, दात हलतो का, शेवटचे कधी जेवलात. त्यातल्या एका प्रश्नाचे उत्तर बहुधा खाटेवरचा माणूस देत नाही. उशाशी बसलेली आई नाहीतर आत्या देते. घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का, असा तो प्रश्न. आणि उत्तर येते ते असे : “त्रास असा नाही हो, पण थोरल्याला भूल जास्त झाली होती. सकाळी आत नेला, दिवेलागणीला कुठे हातपाय हलवले.”

हे वाक्य रत्नागिरीत ऐकू येते तसे नांदेडात आणि चंद्रपुरातही येते. सांगणाऱ्याच्या मनातला अर्थ सरळ असतो : डॉक्टरांनी औषध प्रमाणाबाहेर दिले. कधी तसे झालेही असेल. काही घरांत मात्र त्या वाक्याचा अर्थ निराळा निघतो. औषध मोजून दिलेले होते, डोस नेहमीचाच होता, तरीही जे दहा मिनिटांत उतरायचे ते कित्येक तास उतरले नाही. कारण ते उतरवणारे विकर, म्हणजे एन्झाइम, त्या माणसाच्या रक्तात जन्मापासूनच नव्हते. अशा रुग्णाला भूल देताना स्नायू सैल करणारे औषध कोणते निवडावे, हा या लेखाचा विषय आहे. तो भूलतज्ज्ञांच्या खोलीतला वाटतो खरा, पण त्याचे निम्मे उत्तर घरच्या आठवणीत असते.

मराठीत ‘भूल’ हा एकच शब्द आहे, आत मात्र वेगवेगळी कामे वेगवेगळी औषधे करतात. एक झोप आणते, दुसरे वेदना थांबवते, तिसरे स्नायू सैल करते. हे तिसरे औषध म्हणजे रिलॅक्संट. त्याच्याशिवाय पोटाच्या भिंती ताठ राहतात, जबडा आवळलेला राहतो आणि श्वासनलिकेत नळी सरकत नाही. पण जे औषध जबडा सैल करते तेच छातीचे स्नायू आणि श्वासपटलही सैल करते. म्हणजे रिलॅक्संट दिल्यापासून ते उतरेपर्यंत रुग्णाचा श्वास भूलतज्ज्ञाच्या हातात असतो, आणि ‘हातात’ हा शब्द इथे अक्षरशः घ्यायचा : हातातली पिशवी दाबली तर श्वास, नाहीतर नाही.

या औषधांमध्ये सर्वांत घाईचे औषध म्हणजे सक्सिनिलकोलीन. आपल्याकडच्या थिएटरांत त्याला सगळे स्कोलीन म्हणतात. शिरेतून गेले की पापण्या, चेहरा, छाती, पाय असे स्नायू क्षणभर फुरफुरतात आणि साधारण साठ सेकंदांत अंग पूर्ण सैल पडते. पाच ते दहा मिनिटांत श्वास परततो. पोट भरलेले असताना आलेला अपघाताचा रुग्ण असो किंवा मध्यरात्रीचे तातडीचे सिझेरियन, उलटी फुप्फुसात जाण्याआधी नळी घालायची तर हा वेग जीव वाचवतो. सत्तर वर्षे हे औषध टिकून राहिले ते या वेगामुळे आणि लवकर उतरण्याच्या खात्रीमुळे.

ती खात्री औषधाची नाही, रक्तातल्या विकराची आहे. मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत नेणारे रसायन असिटिलकोलीन. त्याचे दोन रेणू एकमेकांना जोडले की स्कोलीन होते. स्नायूपाशी असिटिलकोलीन मोडणारे विकर असतेच, पण ते स्कोलीनला हात लावत नाही. स्कोलीन मोडते ते यकृतात तयार होऊन रक्तात फिरणारे ब्युटिरिलकोलिनेस्टरेज. जुन्या पुस्तकांत त्यालाच स्यूडोकोलिनेस्टरेज म्हटले आहे. शिरेत सोडलेल्या स्कोलीनपैकी जेमतेम दहावा हिस्सा स्नायूपर्यंत पोचतो, बाकीचे हे विकर वाटेतच मोडून टाकते. नेहमीचा डोस ठरवताना ही मोडतोड गृहीत धरलेली असते. विकर नसेल तर सगळेच्या सगळे औषध स्नायूवर जाऊन बसते आणि तिथून हटवायला रक्तात कोणी नसते. मग तासन्‌तास श्वास नाही.

असा माणूस एरवी ठणठणीत असतो. शेतात राबतो, गड चढतो, म्हातारा होतो. विकर नसल्याची एकही खूण अंगावर दिसत नाही. ती कळते ती ऑपरेशनच्या टेबलावर, तीही औषध आत गेल्यावर.

यातली सर्वांत वाईट गोष्ट श्वास थांबणे ही नव्हे; श्वास यंत्राने देता येतो. झोपेचे औषध काही मिनिटांत उतरते आणि स्कोलीन उतरत नाही, ही ती गोष्ट. माणूस जागा असतो, ऐकत असतो, पण पापणीही हलवू शकत नाही. बाहेरून तो गाढ झोपलेला दिसतो. नातेवाईक ज्याला ‘भूल जास्त झाली’ म्हणतात, त्या तासांत रुग्णाची झोप केव्हाच संपलेली असू शकते. म्हणून श्वास वेळेवर आला नाही तर झोपेचे औषध चालू ठेवणे ही पहिली माणुसकी आहे.

स्नायू सैल करणाऱ्या औषधांचा शस्त्रक्रियेतला प्रवास २३ जानेवारी १९४२ रोजी मॉन्ट्रियलमध्ये सुरू झाला. हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी अपेंडिक्सच्या रुग्णावर क्युरारे वापरले, दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींचे बाणाच्या टोकाला लावायचे विष. स्कोलीनची गोष्ट या ऑपरेशनहून जुनी आणि त्याहून दुर्दैवी. रीड हंट आणि टाव्हो यांनी १९०६ सालीच ते प्राण्यांवर तपासले होते. पण ते प्राणी आधीच क्युरारेने लुळे केलेले होते, त्यामुळे नवे औषधही लुळे करते हे त्यांना दिसलेच नाही. चाळीसहून अधिक वर्षे ती गोष्ट झाकून राहिली. पुढे डॅनिएल बोव्हे यांनी ती उघड केली आणि १९५१ पासून युरोपात स्कोलीन रुग्णांना देऊ लागले. बोव्हे यांना १९५७ चे नोबेल मिळाले ते ज्या कामासाठी, त्यात स्नायू सैल करणाऱ्या औषधांचा भाग मोठा होता.

औषध वापरात आल्यावर वर्षभरातच तक्रारी आल्या. १९५२ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात श्वास उशिरा परतलेल्या रुग्णांच्या नोंदी छापून आल्या आणि त्यांच्या रक्तात हे विकर कमी असल्याचे दाखवले गेले. त्याच वर्षी त्याच ‘लॅन्सेट’मध्ये मुंबईच्या डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांचा लेख आला, ज्यातून जगाला ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ कळला. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. दोन्ही जन्मजात, दोन्ही एरवी निरुपद्रवी, दोन्ही डॉक्टरांच्या हातून काही दिले गेल्यावरच उघड होणाऱ्या. एकीत रक्त, दुसरीत स्कोलीन. बॉम्बे रक्तगटाचे नाव आज महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. स्कोलीनची गोष्ट शिकल्यासवरल्या घरांतही कुणी ऐकलेली नसते, ही या विषयाच्या वाट्याला आलेली उपेक्षा आहे.

स्कोलीनवर काम करणाऱ्यांत हर्मन लेमन हे नाव पुन्हा पुन्हा येते. याच माणसाने १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमधल्या सिकलसेलची नोंद केली. विदर्भात आज ज्या आजाराची गावोगाव तपासणी होते, त्याच्या भारतातल्या पहिल्या नोंदींपैकी ही एक. विकर असो वा हिमोग्लोबिन, रक्तातला फरक घराण्यातून उतरतो हे दाखवणारी ती पिढी होती.

कोडे सुटले ते टोरंटोत. व्हेर्नर कालो यांनी १९५७ मध्ये दाखवले की काही लोकांत विकर असते, पण त्याची घडण वेगळी असते आणि ते स्कोलीनला नीट पकडतच नाही. ते ओळखायला त्यांनी डिब्युकेन हे बधिर करणारे औषध घेतले. नेहमीच्या विकराचे काम डिब्युकेन सुमारे ८० टक्के रोखते, बिघडलेल्या विकराचे सुमारे २० टक्के. जनुकाची एक प्रत चांगली आणि एक बिघडलेली आली असेल तर आकडा ६० च्या आसपास. हाच ‘डिब्युकेन नंबर’. मात्र तो विकराचा दर्जा सांगतो, साठा सांगत नाही. ज्यांच्या रक्तात विकर जवळजवळ नाहीच, त्यांच्यात हा नंबर काढण्याला अर्थ उरत नाही. तिथे विकर किती आहे तेच मोजावे लागते. भारतीय रुग्णांत हा फरक विसरून चालत नाही, कारण आपल्याकडची सर्वांत ठळक गोष्ट नेमकी या दुसऱ्या प्रकारातली आहे.

ती आहे आर्य वैश्य, म्हणजे कोमटी, समाजाची. मूळ तेलुगू मुलुखातला हा व्यापारी समाज पिढ्यान्‌पिढ्या नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या सीमेलगतच्या जिल्ह्यांत मराठी बोलत नांदतो आहे. आंध्रातल्या वैश्यांत या विकराचे ‘मूक’, म्हणजे विकर जवळजवळ न देणारे, जनुक फार आढळते, अशी नोंद १९७९ मध्येच झाली होती. २००६ साली कोइमतूरच्या भारतियार विद्यापीठातल्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी जनुकातला नेमका बदल शोधला : विकराच्या साखळीत ३०७ व्या जागी ल्यूसिनऐवजी प्रोलिन. युरोपात पूर्ण मूक प्रकार लाखात एखाद्यात सापडतो. या समाजात तपासलेल्यांत तो साधारण शेकडा चार निघाला. २०१७ मध्ये भारतीय समाजांच्या जनुकांवरचा जो मोठा अभ्यास झाला, ज्यात हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ होते, त्यातही वैश्यांचे हे उदाहरण ठळकपणे आले. कारण सांगायला सोपे आहे. फार पूर्वी थोड्या पूर्वजांपासून समाज वाढला आणि लग्ने आतल्या आतच होत राहिली. त्या थोड्यांपैकी कुणाकडे असलेले जनुक मग लाखोंच्या वाट्याला आले. यात कुणाचा दोष नाही आणि कमीपणा तर मुळीच नाही. भूलतज्ज्ञाने आडनावावरून किंवा ‘तुमचे मूळ गाव कुठले’ या प्रश्नावरून अंदाज घ्यावा, यात रुग्णाचेच हित आहे.

इथे रत्नागिरीपुरती एक सावधगिरी. कोकणातला वैश्यवाणी समाज वेगळा. त्याचा इतिहास वेगळा, कुळे वेगळी, आणि ‘वैश्य’ हा शब्द सारखा आहे म्हणून कोमटी समाजावरचे निष्कर्ष त्याला लावता येत नाहीत. उलट बाजूनेही हे लक्षात ठेवायला हवे की कुठल्याही जातीतल्या, कुठल्याही धर्मातल्या घरात हे जनुक असू शकते. जात ही सूचना आहे, निदान नव्हे.

रत्नागिरीला मात्र या विकराशी एक वेगळाच, स्वतःचा संबंध आहे, आणि तो जन्माचा नाही, हंगामाचा आहे. थंडी पडली की हापूसला मोहोर येतो आणि मोहोराबरोबर तुडतुडे. मग बागांतून फवारणीचे पंप सुरू होतात ते फळ हाती येईपर्यंत. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने शिफारस केलेल्या फवारणीत क्विनालफॉस, डायमेथोएट अशी ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशके राहिली आहेत. ही रसायने किडीला मारतात ती कोलिनेस्टरेज बंद पाडूनच. माणसाच्या रक्तातले विकर त्याच कुटुंबातले, त्यामुळे तेही बंद पडते. मास्कशिवाय, उघड्या हातांनी, वाऱ्याच्या तोंडावर फवारणी करणाऱ्या गड्याच्या रक्तातले विकर खाली येऊ शकते आणि पुन्हा भरून यायला काही आठवडे जातात. बागांत राबणाऱ्यांत नेपाळहून आलेले कामगारही मोठ्या संख्येने असतात. त्यांच्या घरचा भुलीचा इतिहास सांगायला उशाशी आई नसते. फवारणीच्या विषाने काय होऊ शकते हे २०१७ मध्ये यवतमाळात दिसले, तिथे कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक माणसे दगावली.

आता असाच एखादा गडी झाडावरून पडला, मांडी मोडली आणि रात्री सिव्हिलला आला, अशी कल्पना करावी. पोट भरलेले, घाई आहे, हात स्कोलीनकडे जातो. इथे घाबरवून सोडणेही बरोबर नाही. विकर नेहमीच्या पाचव्या हिश्श्यावर आले तरी स्कोलीनचा असर बहुधा काही मिनिटांनीच लांबतो. पण खरी विषबाधा झालेली असेल तर तो तासांवर जातो, आणि घरातून आलेले जनुक आणि बागेतले औषध एकाच शरीरात भेटले तर हिशेब साफ चुकतो. म्हणून या जिल्ह्यात डिसेंबर ते मार्च या काळात भूलपूर्व तपासणीत एक जादा प्रश्न असायला हवा : गेल्या महिन्यात फवारणी केली होती का?

विकर कमी करणारी कारणे आणखीही आहेत. यकृताचे आजार, कुपोषण, मोठे भाजणे, गरोदरपण. पैकी गरोदरपणातली घट सहसा त्रास देत नाही. पावसाळ्यात कोकणात लेप्टोची कावीळ येते तेव्हा यकृताचा विचार करावाच लागतो. दम्यासाठी लिहून दिली जाणारी बॅम्ब्युटेरॉलची गोळी हे विकर मुद्दाम दाबते, कारण तिची रचनाच तशी आहे. ‘कुठल्या गोळ्या चालू आहेत’ याचे उत्तर ‘दम्याची एक’ इतकेच घेऊन पुढे जाऊ नये ते यासाठी.

रत्नागिरीतच आणखी एक जागा आहे जिथे हा विषय रोजचा आहे, किंवा असायला हवा : प्रादेशिक मनोरुग्णालय. ठाणे, येरवडा आणि नागपूर यांच्याबरोबरचे राज्यातले हे चौथे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि रिलॅक्संट न देता विजेचे उपचार करण्यास सक्त मनाई केली. कायदा योग्यच आहे. पूर्वी झटक्यांत हाडे मोडत. पण त्याचा एक परिणाम असा की, अशा उपचारात रिलॅक्संट द्यावेच लागते, आणि काही मिनिटांचेच काम असल्याने जगभर तिथे स्कोलीनच वापरतात. बहुधा नळीही घालत नाहीत, मास्कने श्वास देतात. ज्याच्या रक्तात विकर नाही असा रुग्ण पहिल्यांदा सापडण्याची ही अगदी ठरलेली जागा. म्हणून जिथे विजेचे उपचार होतात तिथे नळी, व्हेंटिलेटर आणि कित्येक तास रुग्णापाशी बसू शकेल असे माणूस तयार हवेच.

मग निवड काय करावी? उत्तराची किल्ली एका साध्या प्रश्नात आहे : हे औषध शरीरातून जाते कसे? येते कसे हे सगळे पाहतात, जाते कसे हे इथे महत्त्वाचे.

स्कोलीन आणि मिव्हाक्युरियम ही दोन औषधे याच विकराने मोडतात. शंका असेल तिथे दोन्ही बाजूला ठेवावीत. मिव्हाक्युरियम स्कोलीनहून अगदी वेगळ्या जातीचे असल्याने तिथे फसायला होते, ते विशेष लक्षात ठेवायचे. पाठीच्या कण्यातून देण्याचे क्लोरोप्रोकेन हे बधिर करणारे औषधही याच वाटेने जाते.

अॅट्राक्युरियमची गोष्ट फार सुरेख आहे. ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात जॉन स्टेनलेक यांनी मुद्दाम असा रेणू बनवला की जो शरीराच्या उष्णतेत आणि रक्ताच्या सौम्य अल्कधर्मीपणात आपोआप तुटेल. रसायनशास्त्रात हॉफमन यांनी १८५१ मध्ये दाखवलेली ही क्रिया. त्याला स्यूडोकोलिनेस्टरेज लागत नाही, यकृत किंवा मूत्रपिंडावरही ते फारसे अवलंबून नाही. विकर नसलेला रुग्ण, त्यातून कावीळही झालेली, अशा वेळी याच्याइतके निश्चिंत करणारे औषध दुसरे नाही. सिसअॅट्राक्युरियम त्याचेच धाकटे भावंड. अडचण एकच, ते फ्रीजमध्ये लागते, आणि पावसाळ्यात वीज तासन्‌तास गेलेल्या तालुक्याच्या दवाखान्यात हा बारीक मुद्दा राहत नाही. व्हेक्युरोनियम पावडरच्या रूपात येते, बाहेर टिकते, लागेल तेव्हा पाण्यात विरघळवायचे. ते यकृत आणि मूत्रपिंडातून बाहेर पडते, या विकराशी त्याचा संबंध नाही. पण ही सगळीच सावकाश काम करतात. स्कोलीनची घाई त्यांना जमत नाही.

घाई असेल तिथे रोक्युरोनियम. किलोमागे १ ते १.२ मिलिग्रॅम दिले की तेही मिनिटभरात नळी घालण्याजोगे स्नायू सैल करते. मात्र ते मग तासभर उतरत नाही, आणि नळी घालता आली नाही तर तो तास जीवघेणा ठरतो. यावर उतारा म्हणून सुगामाडेक्स आले. स्कॉटलंडमध्ये शोधलेले आणि २००८ मध्ये युरोपात मान्य झालेले हे औषध रोक्युरोनियमचा रेणू आपल्या पोकळीत गिळून टाकते. किलोमागे १६ मिलिग्रॅमने गडद असरही काही मिनिटांत उतरतो. ते महाग आहे. तरीही प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या कपाटात त्याच्या थोड्या कुप्या असाव्यात, इतपत आग्रह धरायला हरकत नाही. कोल्हापूर किंवा मुंबई रत्नागिरीहून जवळ नाही, आणि श्वास थांबलेला माणूस औषध आंबा घाट उतरून येण्याची वाट पाहू शकत नाही.

फवारणीच्या विषबाधेत आणखी एक वळण आहे. तिथे स्नायूपाशी असणारे विकरही बंद असते. म्हणून व्हेक्युरोनियम-रोक्युरोनियमचा नेहमीचा डोस कमी पडू शकतो, आणि शेवटी उतारा म्हणून दिलेले निओस्टिग्मिन फोल ठरू शकते, कारण तेही विकर रोखूनच काम करते आणि रोखायला विकर उरलेलेच नसते.

आणि स्कोलीन देऊन झाले, श्वास आलाच नाही, तर? नर्व्ह स्टिम्युलेटर मनगटाला लावून अंगठा हलतो का पाहायचे. श्वास यंत्राने देत राहायचे, झोप चालू ठेवायची, वाट पाहायची. घाईने निओस्टिग्मिन द्यायचे नाही. ते उरलेसुरले विकरही दाबते आणि असर आणखी लांबवू शकते. रक्तातल्या प्लाझ्मात विकर असते हे खरे, पण स्वतःहून उतरणाऱ्या गोष्टीसाठी परक्याचे रक्तघटक चढवण्याचा धोका कशाला घ्यायचा, असे बहुतेक जाणते भूलतज्ज्ञ मानतात, आणि ते पटण्यासारखे आहे. वेळ जातो, माणूस उठतो.

उठल्यावरचे काम बहुधा राहून जाते. विकर मोजण्यासाठी रक्त पाठवायला हवे. कीटकनाशकाच्या विषबाधेत जी सीरम कोलिनेस्टरेजची चाचणी करतात तीच इथेही चालते, त्यासाठी नवी सोय लागत नाही. मग भावंडे. हा दोष आई आणि वडील दोघांकडून एकेक प्रत आली तरच पूर्ण दिसतो, म्हणून सख्ख्या भावंडांत प्रत्येकी चारात एक शक्यता असते. त्यांची एकदा तपासणी व्हावी. आणि डिस्चार्जच्या कागदावर ‘भूल उतरण्यास विलंब’ असे मोघम न लिहिता, मराठीत आणि ठळक लिहावे : या रुग्णास स्कोलीन व मिव्हाक्युरियम देऊ नये, रक्तातील कोलिनेस्टरेज कमी आहे, भावंडांची तपासणी करावी. तो कागद आधार कार्डाच्या पाकिटात राहिला, तर पुढच्या वेळी खाटेशी आलेल्या भूलतज्ज्ञाला आत्या फक्त तो पुढे करील.